मिरचीच्या पथारीवर आभाळाची चर्चा

कोल्हापुरात कुणाला ‘नंदुरबारला जाऊन आले’ म्हटलं, की समोरचा विचारतो, “कुणाचं लग्न होतं?” महाबळेश्वरला माणूस फिरायला जातो आणि नंदुरबारला कामासाठी, अशी आमच्याकडे वाटणी झालेली आहे. आम्ही तिघं मात्र खरंच फिरायला गेलो होतो. निदान मी आणि माझा नवरा तरी तसंच समजत होतो.

तिघं म्हणजे मी, सदा आणि जगदीश. माझं चष्म्याचं दुकान आहे. सदा माझा नवरा. जन्मभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाला, पण विज्ञानाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. जगदीश पाटील आमचा मित्र, मूळचा तापीकाठचा, कॉलेजसाठी कोल्हापुरात आला आणि तिथलाच झाला. लग्नाकार्यात, सभांत माइक-स्पीकर लावायचा त्याचा धंदा. रोज सकाळी रंकाळ्यावर आम्ही फिरतो आणि फिरताना एक खेळ खेळतो. एकानं रोजच्यातला प्रश्न टाकायचा: आकाश निळं का? पापड भाजताना वाकडा का होतो? शिंकताना डोळे का मिटतात? मोबाइलात बघायचं नाही. सदा बरोबर उत्तर देतो, जगदीश चुकीचं देतो आणि मी निकाल देते. बहुतेक वेळा जगदीश जिंकतो. आकाश निळं का, यावर सदानं किरण आणि हवेचे कण यांचं अख्खं प्रकरण सांगितलं, तेव्हा जगदीश म्हणाला होता, “एवढ्या मोठ्या कामाला देवाकडं तोच एक रंग पुरेसा शिल्लक होता.” आता यात चूक कुठली काढणार?

तर या जगदीशला गावाहून निरोप आला. वडिलांचा, म्हणजे बापूंचा, पण बहिणीकरवी. ‘यंदाचा हंगाम झाला की मी पथारीवर बसणार नाही. पुढं काय, ते येऊन सांगून जा.’ त्याची बायको परीक्षांच्या कामात अडकलेली. मग तो आमच्या मागं लागला. “तुम्ही चला. भरीत खा, तापी बघा. पाहुणे असले की बापू मला शिव्या देत नाहीत.” ढाल म्हणून आपल्याला नेतोय हे माझ्या लक्षात आलं होतं, पण भरिताचं नाव निघाल्यावर सदा बॅग भरायला गेलाच.

नंदुरबार

पथारी म्हणजे काय हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. शहराबाहेर मोकळी, सपाट जमीन घ्यायची आणि तिच्यावर ओली मिरची वाळत घालायची. आमच्याकडे गच्चीवर जुन्या साडीवर चार किलो मिरची वाळते आणि घरातली बाई दिवसभर कावळे हाकते. इथं नजर जाईल तिथपर्यंत लाल. रस्त्याच्या या बाजूला लाल, त्या बाजूला लाल. संक्रांत होऊन गेलेली, ऊन कोवळं, आणि खाली हे असं. मी गाडीतून उतरले, ‘अहाहा’ म्हणायला तोंड उघडलं आणि जी शिंकायला लागले ती थांबेचना. सदानं लगेच शिंकेची कारणं सुरू केली. दुसऱ्या कारणावर त्यालाच ठसका लागला.

तोंडाला फडकी बांधून बायका ओळीनं बसल्या होत्या, देठ खुडत, निवडत. आमच्याकडं बघून त्यांची चांगली करमणूक झालेली दिसली. त्यांच्यातून एक उंच बाई उठून आली. ही तारा अक्का, जगदीशची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि आता पथारीचं रोजचं सगळं तीच बघते.

“कोल्हापूरना पाव्हना ना तुम्ही?” ती म्हणाली. “तुम्हना गावले तर तिखट खातस म्हने.”

मी नाक पुसत ‘खातो की’ म्हटलं. कोल्हापूरचं तिखट बरंचसं भाषणात असतं, हे मला त्या दोन दिवसांत कळून चुकलं.

बापू छपराखाली खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पांढरं धोतर, टोपी, आवाज खणखणीत. येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: “कशी शे पथारी?” आपण तारीफ केली की मगच पाणी मिळतं. सदानं केली, मी केली. जगदीश पाया पडला. बापूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सदाकडं बघून म्हणाले, “मास्तर, तुमना दोस्तले सांगा, च्या पी ले.”

दोस्त हातभर अंतरावर उभा होता. मला वाटलं, इकडची रीत असेल. पण नाही. चहा, जेवण, अंथरूण, सगळं ते मुलाला आमच्यामार्फत सांगत होते आणि मुलगाही ‘बापूले सांगा, मी पीस’ असं आमच्यामार्फत कळवत होता. मधल्या मध्ये सदाची अहिराणी बरीच सुधारली.

चहा घेताना वातावरण जरा सैल व्हावं म्हणून सदानं आमच्या खेळाची गोष्ट काढली. बापूंनी ती शांतपणे ऐकली.

“म्हंजे तुम्ही शिकेल लोके रोज सकायले हाईच इचारतस? आभाय निळं काबरं शे?”

“हो.”

“कारन तठे मिरची पिकत नही,” बापू म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

जगदीशचे विनोद कुठून आले ते मला त्या क्षणी समजलं. बापलेक दोघंही एकदम हसले, एकमेकांकडं न बघता.

संध्याकाळी मी अक्काबरोबर बायकांमध्ये बसले आणि देठ खुडता खुडता तिला विचारलं, की हे दोघं बोलत का नाहीत. तिनं सांगितलं ते असं. व्यापारी माल बघायला आला की त्याच्यापुढं वानगी ठेवतात, म्हणजे ढिगातून निवडून काढलेली सूपभर मिरची. ही वानगी त्यांच्या घरात फक्त धनी काढतो. बापूंच्या वडिलांनी एक दिवस बापूंना सांगितलं, ‘वानगी काढ’, आणि त्या दिवशी पथारी बापूंची झाली. दुसरा काही विधी नाही. पुढं जगदीश कॉलेजच्या सुट्टीत आलेला असताना बापूंनी चार व्यापाऱ्यांदेखत त्याला तेच सांगितलं. त्यानं सूप भरून आणलं. त्यात लाल मिरची होती, रंग उडालेली पांढरट फटकी होती, हिरवीसुद्धा होती. व्यापारी पोट धरधरून हसले. जगदीशही हसला, काहीतरी विनोद केला आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला निघून गेला.

“बापूले वाटस, त्याले मिरचीनी लाज वाटे,” अक्का म्हणाली. “म्हनीसन त्यानी मुद्दाम तशी वानगी काढी. धंदानी चेष्टा करी.”

“आणि आता?”

“आते बापू त्याले पुन्हा इचारतीन. त्यानी नही म्हनं तर पथारी इकी टाकतीन.” हे सांगतानाही तिचे हात थांबले नव्हते. खराब मिरची उजवीकडं, चांगली डावीकडं, बघायचीसुद्धा तिला गरज पडत नव्हती. पथारी विकली तर तुमचं काय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

प्रकाशा

दुसरा दिवस घरी. त्यांचं गाव तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाजवळ, केळी आणि उसाच्या मधोमध. इकडच्या पाहुणचाराला एकच दोष आहे, तो म्हणजे थांबत नाही. सकाळी वरण-बट्टी. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. आमच्याकडं पाहुण्याला ‘आणखी वाढू का?’ असं विचारतात आणि पाहुणा ‘नको’ म्हणतो. इथं विचारत नाहीत. भरीत खाताना माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहत होतं त्यात निम्मा आनंद होता.

जेवणाआधी एक गंमत झाली. अक्का चुलीपुढं होती. ती जगदीशला म्हणाली, “टोपलीमाईन लाल मिरच्या दे रे, ठेचाले.” टोपलीत ओल्या मिरच्या होत्या, लाल आणि हिरव्या मिसळलेल्या. जगदीशनं मूठभर आणून तिच्यापुढं ठेवल्या. त्यात हिरव्याच जास्त.

“लाल सांग्यात मी.”

“मागच्या जन्मी लाल होत्या त्या,” जगदीश म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. सदा तर खो खो हसला आणि त्यानं मिरची पिकताना लाल का होते ते सांगायला घेतलं. अक्का स्वतः उठली आणि लाल निवडून घेऊन गेली. एकटे बापू हसले नाहीत. ते ओसरीवर बसून सगळं बघत होते आणि त्यांचा चेहरा असा काही कडू झाला, की माझं हसू तिथंच विरलं.

संध्याकाळी प्रकाशाच्या घाटावर गेलो. देवळांत दर्शन घेतलं; एका देवळात सदाची चप्पल कुणीतरी घालून गेलं आणि बदल्यात एक बरी ठेवून गेलं. ही काशीइतकीच पुण्याची जागा आहे असं इथले लोक मानतात. ती बरी चप्पल पाहून सदाही मानायला तयार झाला. तापी रुंद आणि संथ. पलीकडं सूर्य बुडत होता आणि पाणी, आभाळ, घाटाचे दगड सगळं तांबूस झालं होतं. सदा थोडाच गप्प बसणार? संध्याकाळी सूर्यकिरणांना हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो, वाटेत निळा सगळीकडं विखरून जातो, शेवटी आपल्यापर्यंत पोचतो तो लाल, वगैरे. उत्तर देण्याची पाळी जगदीशची होती. तो पायरीवर बसून राहिला.

“हरलास का?” मी विचारलं.

“आज चांगला लाल आलाय का गं?” त्यानं हळूच विचारलं.

“का? तुला डोळे नाहीत?”

“आहेत की. तुझ्याच दुकानातले आहेत,” तो म्हणाला आणि नाकावरचा चष्मा त्यानं वर सरकवला. मी हसले. तो विषय मी तिथंच विसरले.

पुन्हा पथारीवर

तिसऱ्या दिवशी सकाळी गुजरातेतून एक शेठ माल बघायला आले. गोल, हसतमुख, पायांत पांढरे बूट. मिरचीच्या धंद्यात इतके पांढरे बूट कसे राहतात, हा खरा विज्ञानाचा प्रश्न. बापूंनी त्यांना खाटेवर बसवलं, पथारीची तारीफ करून घेतली, पाणी दिलं. अक्का सूप घेऊन आली आणि रोजच्याप्रमाणे बापूंपुढं धरलं. बापूंनी ते घेतलं नाही.

“जगदीश,” ते म्हणाले. मध्ये सदा नाही, मी नाही. “वानगी काढ.”

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. अक्काला सूप जगदीशच्या हातात द्यावंच लागलं, आणि देताना तिनं मान खाली घातली. हो की नाही, हे बापूंनी कधी विचारलंच नसतं. विचारायची त्यांची पद्धत ही एवढीच होती.

जगदीश ढिगापाशी उकिडवा बसला. मला वाटलं, आता विनोद करील. त्यानं केला नाही. तो मिरची उचलत होता, बोटांत फिरवत होता, कानाशी नेऊन हलवत होता, मग सुपात टाकत होता. अगदी मन लावून. मिरची वाळली की आतलं बी वाजतं. तो ते ऐकत होता. प्रत्येक मिरची त्यानं ऐकली आणि एकाही मिरचीकडं पाहिलं नाही.

सूप शेठजींपुढं आलं. मिरच्या कडकडीत वाळलेल्या. आणि रंग? लाल होत्या, फटक्या होत्या, हिरवट सुकलेल्या होत्या.

शेठजी आधी हसले, मग बापूंचं तोंड बघून हसायचे थांबले. “बापू, आ शूं? हे काय?”

“मन्हा पोऱ्यानी चेष्टा,” बापू म्हणाले. “पह्यलेबी असंच करं व्हतं यानी. आतेबी तेच. अरे, बापनी नही तं नही, ह्या बायास्ना कष्टनी तरी लाज धर. मिरचीनी लाज वाटस ना तुले?”

जगदीश बापूंपुढं येऊन उभा राहिला.

“लाज नही, बापू,” तो म्हणाला. “माले यामा लाल कोन्ती अन हिरवी कोन्ती, समजत नही.”

“आखो चेष्टा.”

“चेष्टा नही. मी देखस, पन माले सारख्याच दखातस.”

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही भर उन्हात. चष्म्याचा नंबर काढताना मी गिऱ्हाइकाला शेवटी दोन पाट्या दाखवते, एक लाल, एक हिरवी. अक्षर कुठल्या पाटीवर जास्त ठळक दिसतं ते सांगायचं. जगदीश दर वेळी सांगायचा, “दोन्ही पाट्या तुझ्यासारख्याच सुंदर आहेत, वहिनी.” मी हसून पुढं जायचे. डोळ्यांचाच धंदा माझा, आणि मी त्याचे विनोद तपासत बसले होते.

“बापू, तो खरं बोलतोय,” मी म्हटलं. “असे डोळे असतात. दिसतं सगळं, पण लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. माझ्याकडं येतात अशी माणसं. आजार नाही तो, जन्मापासूनचं आहे.”

बापूंनी सदाकडं पाहिलं. हजारभर प्रश्नांची उत्तरं कुणी न मागता देणारा माझा नवरा पहिल्यांदा कुणीतरी मागितल्यावर उत्तर देत होता. त्याचा आवाज एकदम वर्गातला झाला. “मुलाला हे आईकडून येतं, बापू. आईला स्वतःला नीट दिसतं, पण तिच्या वडिलांना किंवा भावांना बहुधा असतं.”

बापूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “मन्हा सासरा दरखेपले कच्ची पपई लई ये. पिकेल शे, म्हने. मी समजू, माणूस चिंगूस शे. मरीपर्यंत मी त्याले चिंगूसच समजनू.”

शेठजींना हसू आवरेना. ते पांढरे बूट सांभाळत लांब जाऊन उभे राहिले.

“मंग आधी काबरं नही सांगं?” बापूंनी जगदीशला विचारलं.

“त्या दिनले लोके हासनात, बापू. मंग मीबी हासनू. मिरचीवालाना पोऱ्या अन त्याले लाल दखात नही, हाई सांगतू तर जलमभर हासतात.”

हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. वायरींना तो निरनिराळ्या गाठी मारतो आणि आम्ही त्याला विक्षिप्त म्हणतो. खोटी उत्तरं सांगून तो आम्हाला हसवत आला, कारण हसणाऱ्या माणसाला खरं-खोटं तपासायची सवय राहत नाही. मला त्याचा राग आला आणि लगेच रडूही आलं. दोन्हीचं खापर मी मिरचीवर फोडलं.

बापू खाटेवरून उठले. काठी टेकत छपराच्या कडेला गेले. पुढं सगळी पथारी पसरलेली, उन्हात तापत असलेली. तिच्यावरून काठी फिरवून त्यांनी विचारलं,

“मंग हाई बठं तुले कसं दखास?”

जगदीश त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. त्यानं नीट बघून घेतलं. उत्तर बरोबर द्यायचं होतं ना.

“वावरनी मातीसारखं,” तो म्हणाला. “जराशी ओली माती. काई काई ठिकाने काळपट.”

“मातीसारखं.”

“हा.”

बापू त्या लाल रानाकडं बघत राहिले. घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला ज्याची तारीफ करायला लावली, ते रान.

“इतला वरीस मी तुले हाईच दखाडी ऱ्हायनू,” ते म्हणाले.

बापू वळले. अक्का रिकामं सूप हातात धरून उभी होती. तिनं जगदीशची वानगी केव्हाच ढिगात ओतून टाकली होती.

“तारा,” बापू म्हणाले, “शेठले वानगी काढ.”

अक्कानं आधी त्यांच्याकडं आणि मग आमच्याकडं पाहिलं, जणू काही दुसरीच कुणी तारा तिथं असावी. मग पदर खोचून ती ढिगापाशी बसली. बायकांतली एक काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. अक्काचे हात भराभर चालायला लागले.

बापू खाटेवर येऊन बसले आणि एका बाजूला सरकले. “तू बस, जगदीश,” ते म्हणाले. “मन्हाजोडे बस. आन ती काय काय काढी ऱ्हायनी, ते मी तुले सांगस.”